कर्नल बिल्ड करायचाय, मग कंपायलर कुठला घ्यायचा? नवीन लोकांसाठी पायरीपायरीने

नाशिकमध्ये पहिल्यांदा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, बिल्ड करणारी पोरं साधारण दोन प्रकारची असतात. एक इंजिनिअरिंगवाली, ऑपरेटिंग सिस्टीमचा विषय शिकता शिकता स्वतः काहीतरी करून बघायचंय अशी. दुसरी सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत ऑटोमेशनच्या छोट्या कंपनीत नुकती लागलेली, ज्यांच्या टेबलावर पहिल्याच आठवड्यात एखादा एआरएम बोर्ड (एआरएम प्रोसेसरचा छोटा कॉम्प्युटर) येऊन पडतो, सोबत चिप बनवणाऱ्याने दिलेला पाच-सात वर्षं जुना कर्नल, आणि वरचे सांगतात की हा बिल्ड करून दे. दोघांचा पहिला प्रश्न एकच, जीसीसी (सोर्स कोडपासून मशिनचा कोड बनवणारा कंपायलर) कुठलं घेऊ. आणि दोघांना सगळीकडे उत्तरही एकच मिळतं, लेटेस्ट टाक. नवीन कर्नल असेल तर हे उत्तर चालून जातं, पण जुन्या कर्नलला त्याच उत्तरापायी तीन-तीन दिवस वाया जातात आणि पोरांना वाटायला लागतं की आपल्यालाच जमत नाहीये. जमत असतं, फक्त जोडी चुकलेली असते.

हे सगळं लिनक्स कर्नलबद्दल आहे, स्वतःचा छोटा कर्नल लिहिणाऱ्यांसाठी शेवटाकडे थोडं वेगळं लिहिलंय. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांतच टाकायच्या, आणि सीसी, होस्टसीसी, आर्च, क्रॉस कंपाइल, एलएलव्हीएम ही नावं सगळी कॅपिटलमध्ये, क्रॉस कंपाइलच्या दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर.

पायरी १: आधी कर्नल पक्का करा

कंपायलरचा विचार कर्नल ठरल्याशिवाय करूच नका. सोर्सच्या फोल्डरमध्ये जाऊन मेक कर्नलव्हर्जन चालवा, जे येईल ते कागदावर लिहा. नुसतं ५.१० नाही, पूर्ण, म्हणजे ५.१० च्या पुढचा तिसरा आकडासुद्धा. हा तिसरा आकडा फार महत्त्वाचा आहे कारण लाँगटर्म कर्नलला वर्षानुवर्षं दुरुस्त्या येत राहतात आणि त्यात नव्या कंपायलरसाठी केलेल्या दुरुस्त्याही असतात, त्यामुळे त्याच ५.१० चा सुरुवातीचा रिलीज नव्या जीसीसीवर अडकतो आणि बऱ्याच नंतरचा रिलीज आरामात बिल्ड होतो. तुमच्या हातात निवड असेल तर त्या लाइनमधला सगळ्यात शेवटचा पॉइंट रिलीज घ्या, अर्धे प्रॉब्लेम तिथेच संपतात. कंपनीच्या बोर्डाचा कर्नल असेल तर मात्र निवड नसते, तो एखाद्या जुन्या पॉइंट रिलीजवर थांबलेला असतो आणि त्यावर चिपवाल्यांचे हजारो बदल चढवलेले असतात.

बोर्ड आधीपासून चालू असेल तर अजून एक काम करा. सीरियल कन्सोल लावून बूट करा आणि लॉगची सुरुवात बघा. लिनक्स व्हर्जन अमुक, आणि त्याच ओळीत कंसात जीसीसी व्हर्जन तमुक असं लिहिलेलं असतं. म्हणजे ज्याने तो कर्नल बनवला त्याने कुठला कंपायलर वापरला हे तो कर्नल स्वतःच सांगतो. लॅपटॉपवर हीच माहिती प्रॉक फोल्डरमधल्या व्हर्जन फाइलमध्ये मिळते. ही एक ओळ मिळाली की पुढचं काम निम्मं होतं, म्हणून सीरियल केबल नाही म्हणून ही पायरी सोडू नका, दोन-तीनशे रुपयांत यूएसबी ते सीरियल वायर मिळते.

पायरी २: खालची मर्यादा शोधा

प्रत्येक कर्नल सांगतो की कमीत कमी कुठलं जीसीसी पाहिजे. डॉक्युमेंटेशन फोल्डरमध्ये प्रोसेस म्हणून फोल्डर आहे, त्यात चेंजेस नावाची फाइल, तिच्यात सुरुवातीलाच तक्ता आहे. अलीकडच्या कर्नलमध्ये स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये मिन-टूल-व्हर्जन नावाची स्क्रिप्टही असते, तिला पुढे जीसीसी असं देऊन चालवलं की थेट आकडा मिळतो.

हा आकडा काळाप्रमाणे कसा वर गेलाय ते बघा म्हणजे अंदाज येईल. ४.१८ पर्यंत कागदावर जीसीसी ३.२ चालत होतं, जे २००२ सालचं आहे. ४.१९ ला, म्हणजे २०१८ मध्ये, ते ४.६ झालं. ५.१० ला ४.९ लागतं, ५.१५ पासून ५.१ लागतं. आणि २०२५ च्या जुलैत आलेल्या ६.१६ पासून थेट ८.१, सोबत बिनयुटिल्सही (लिंकर वगैरे जोडीची टूल) २.३० किंवा वरचं. आता हे बघा, ज्या पीसीवर अजून उबंटू १८.०४ आहे तिथे डिफॉल्ट जीसीसी ७ असतं, म्हणजे तिथे आजचा ताजा कर्नल डिफॉल्ट कंपायलरने बिल्ड होणारच नाही. अशावेळी कर्नल स्पष्ट सांगतो, सी कंपायलर इज टू ओल्ड, तुमचं व्हर्जन एवढं, पाहिजे एवढं. मेसेज वाचला, कंपायलर बदलला, विषय संपला. या बाजूला फार डोकं लावायची गरज पडत नाही.

पायरी ३: वरची मर्यादा, जी कुठेच लिहिलेली नसते

खरा त्रास इथे आहे. कंपायलर फार जुना असेल तर कर्नल सांगतो, पण फार नवा असेल तर सांगत नाही. सांगू शकतच नाही हो, २०१७ मध्ये रिलीज झालेल्या कर्नलला २०२५ चं जीसीसी कसं असेल हे कुठून कळणार? त्यामुळे तो मुकाट्याने बिल्ड सुरू करतो आणि मध्येच कुठेतरी एखाद्या फाइलवर अशी एरर देतो की नवीन माणसाला वाटतं कोडमध्येच काहीतरी मोडलंय, मग तो कोड दुरुस्त करत बसतो. म्हणून नवीन कंपायलरच्या एरर चेहऱ्याने ओळखता आल्या पाहिजेत. नेहमी भेटणाऱ्या सांगतो.

कंपायलर-जीसीसी५ डॉट एच सापडत नाही, किंवा ५ च्या जागी ६, ७, ९ असा आकडा. हे फार जुन्या, ३.एक्स ते ४.१ पर्यंतच्या कर्नलमध्ये येतं. तेव्हा जीसीसीच्या प्रत्येक मोठ्या व्हर्जनसाठी वेगळी हेडर फाइल असायची, तुमच्या जीसीसीच्या नावाची फाइल त्या काळी जन्मालाच आली नव्हती. ४.२ पासून हे सगळं एका फाइलमध्ये गेलं. लोक जुनी फाइल कॉपी करून नवं नाव देतात आणि पुढे जातात, पण मी म्हणेन तसं करू नका, ती एरर म्हणजे कर्नल सांगतोय की मी या कंपायलरला ओळखत नाही, तिचं ऐका आणि जीसीसी ४.९ च्या आसपासचं काहीतरी घ्या (एआरएम ६४ साठी मात्र ४.९ नको, का ते पायरी ८ मध्ये).

मल्टिपल डेफिनिशन ऑफ वायवाय-लॉक. ही बोर्डवाल्यांची सगळ्यात लाडकी एरर. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० ने एक डिफॉल्ट बदलला, एकच ग्लोबल व्हेरिएबल दोन फाइल्समध्ये डिक्लेअर केलेलं असलं तर आधी लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारं टूल) ते गुपचूप एक करायचा, आता एरर देतो. डिव्हाइस ट्री कंपायलरच्या (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन कर्नलला कळेल असं बनवणारं टूल) सोर्समध्ये नेमकं तेच होतं. नव्या कर्नलमध्ये आणि लाँगटर्मच्या पुढच्या रिलीजमध्ये दुरुस्त झालंय, चिपवाल्यांच्या गोठलेल्या कर्नलमध्ये नाही. याची अजून एक गंमत आहे ती पायरी ५ मध्ये येते.

पॉइंटर मे बी यूज्ड आफ्टर रिअलॉक. हे टूल्स फोल्डरमधल्या सबकमांड लायब्ररीत येतं, ऑब्जटूल (बनलेला कोड तपासणारं कर्नलचं टूल) बनताना. जीसीसी १२ ने फ्री झालेली मेमरी वापरली जातेय का हे तपासणारी नवी वॉर्निंग आणली आणि ऑब्जटूलच्या बिल्डमध्ये वॉर्निंगलाच एरर मानलं जातं, त्यामुळे ५.१७ च्या आधीचे जुने रिलीज तिथे थांबतात.

कॅनॉट यूज कीवर्ड फॉल्स. ही सगळ्यात ताजी. २०२५ च्या एप्रिलमध्ये आलेल्या जीसीसी १५ ने सी भाषेचं डिफॉल्ट स्टँडर्ड सी२३ केलं, त्यात बूल, ट्रू, फॉल्स हे भाषेचेच शब्द झाले, आणि कर्नलने ते स्वतःच डिफाइन केलेत. आता कर्नलच्या मुख्य कोडला स्टँडर्ड ठरवून दिलेलं असतं, ५.१७ पर्यंत सी८९ चं जीएनयू रूप आणि ५.१८ पासून सी११ चं, त्यामुळे मुख्य भाग व्यवस्थित कंपाइल होतो. पण एक्स८६ चा (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरचा) बूटचा छोटा भाग वेगळ्या फ्लॅगने बिल्ड होतो आणि तिथे हे स्टँडर्ड लिहायचं राहिलं होतं, म्हणून एरर तिथे येते आणि माणूस चक्रावतो की बाकी सगळं झालं मग हेच का नाही. हे पुढे दुरुस्त झालं आणि लाँगटर्म लाइनमध्येही गेलं. फेडोरा ४२ वर असाल तर डिफॉल्ट जीसीसी १५ च आहे हे लक्षात ठेवा.

याशिवाय ५.१५ पासून कर्नलच्या कॉन्फिगमध्ये वेरर नावाचा ऑप्शन आहे, वॉर्निंगला एरर मानायचा. नव्या कंपायलरला नव्या वॉर्निंग सुचतात, त्यामुळे हा चालू असेल तर नुसत्या वॉर्निंगवर बिल्ड मरतो. तो बंद करून बघायला हरकत नाही, पण बंद केल्यावर येणाऱ्या वॉर्निंग वाचा तरी.

पायरी ४: जोडी जुळवा

आता खाली मर्यादा आहे, वर न लिहिलेली मर्यादा आहे, मग मधलं नेमकं कुठलं घ्यायचं? माझं मत ठाम आहे: तो कर्नल ज्या काळात लिहिला आणि तपासला गेला त्याच काळातला कंपायलर घ्या. आणि हे शोधायला अंदाज बांधायची गरज नाही, मोठ्या डिस्ट्रिब्युशननी (डेबियन, उबंटूसारख्या तयार लिनक्सनी) ते काम आधीच करून ठेवलंय. डेबियनचा प्रत्येक रिलीज एक कर्नल आणि एक जीसीसी घेऊन येतो आणि ती जोडी जगभरातल्या मशिनवर वर्षानुवर्षं चाललेली असते. डेबियन ९ मध्ये कर्नल ४.९ आणि जीसीसी ६. डेबियन १० मध्ये ४.१९ आणि जीसीसी ८. डेबियन ११ मध्ये ५.१० आणि जीसीसी १०. डेबियन १२ मध्ये ६.१ आणि जीसीसी १२, डेबियन १३ मध्ये ६.१२ आणि जीसीसी १४. उबंटूचंही तसंच, १८.०४ ला ४.१५ आणि जीसीसी ७, २०.०४ ला ५.४ आणि जीसीसी ९, २२.०४ ला ५.१५ आणि जीसीसी ११, २४.०४ ला ६.८ आणि जीसीसी १३.

तुमचा कर्नल या यादीत नसेल तर शेजारच्यांकडे बघा. ४.१४ हा २०१७ च्या शेवटचा, त्याला जीसीसी ७. ६.६ हा २०२३ च्या ऑक्टोबरचा, त्याला जीसीसी १३. जीसीसीचं मोठं व्हर्जन वर्षातून एकदा येतं, साधारण एप्रिल-मेच्या सुमारास, त्यामुळे तारखा जुळवणं सोपं आहे. आणि मोठ्या व्हर्जनचा पहिला रिलीज, म्हणजे पॉइंट वन, कर्नलसाठी घेऊ नका, पॉइंट टू किंवा थ्री घ्या, पहिल्यात सापडलेले बग त्यात निघालेले असतात. याचं कारण पायरी ८ मध्ये कळेल.

पायरी ५: एका बिल्डमध्ये दोन कंपायलर असतात

बोर्डवाल्यांनो, हे नीट वाचा कारण सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. तुम्ही इंटेल किंवा एएमडीच्या लॅपटॉपवर बसून एआरएमसाठी कर्नल बिल्ड करता तेव्हा क्रॉस कंपाइल या नावाने जो कंपायलर देता तो फक्त बोर्डावर जाणारा कोड बनवतो. पण बिल्डच्या दरम्यान काही टूल तुमच्या लॅपटॉपवरच चालवायची असतात, डिव्हाइस ट्री कंपायलर, कॉन्फिगची टूल वगैरे, आणि ती बनवतो लॅपटॉपचा स्वतःचा जीसीसी, ज्याला होस्टसीसी म्हणतात. म्हणजे चिपवाल्यांनी सांगितलेला जुना लिनारो ७.५ टूलचेन (लिनारो संस्थेने बनवलेला, जीसीसी ७.५ आणि सोबतच्या टूलचा संच) तुम्ही अगदी बरोबर लावलात, तरी लॅपटॉपवर उबंटू २२.०४ असेल तर होस्टचं काम जीसीसी ११ करतोय, आणि वायवाय-लॉकची एरर येणारच. मग पोरं क्रॉस कंपायलर बदलून बदलून थकतात, एरर हलत नाही, कारण ती त्या कंपायलरची नाहीच. उपाय साधा, जीसीसी-९ इन्स्टॉल करा, उबंटू २२.०४ वर ते पॅकेज मिळतं, आणि मेकच्या ओळीत होस्टसीसी बरोबर जीसीसी-९ असं द्या.

एरर कुठल्या कंपायलरची आहे ते ओळखायचं कसं? बिल्डच्या आउटपुटमध्ये ओळीच्या सुरुवातीला होस्टसीसी किंवा होस्टएलडी दिसलं तर लॅपटॉपचा कंपायलर, नुसतं सीसी दिसलं तर बोर्डाचा. मेकला व्ही बरोबर १ दिलं की पूर्ण कमांड दिसते, मग शंकाच राहत नाही.

पायरी ६: इन्स्टॉल करा, पण सिस्टीमचा डिफॉल्ट हलवू नका

डेबियन-उबंटूवर जीसीसीची अनेक व्हर्जन शेजारी शेजारी सुखाने राहतात, जीसीसी-११, जीसीसी-१२ अशा वेगळ्या नावांनी. ॲप्टने हवं ते टाकायचं, आणि वापरताना नाव घेऊन वापरायचं. अपडेट-अल्टरनेटिव्हज वापरून पूर्ण सिस्टीमचा जीसीसीच बदलून टाका असा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिला जातो, तो मला अजिबात पटत नाही. त्याने आजचा कर्नल बिल्ड होईल, पण दोन महिन्यांनी वायफायचा ड्रायव्हर बिल्ड व्हायचा बंद होईल आणि तोपर्यंत काय बदललं होतं हे कुणाच्या लक्षातही नसेल.

हवं ते व्हर्जन तुमच्या डिस्ट्रिब्युशनमध्ये नसेल तर दोन रस्ते. पहिला, कर्नल डॉट ऑर्गवर टूल्सच्या खाली क्रॉसटूल म्हणून जागा आहे, तिथे जीसीसीची पुष्कळ व्हर्जन, पुष्कळ आर्किटेक्चरसाठी तयार बिल्ड करून ठेवलीत, डाउनलोड करून कुठल्याही फोल्डरमध्ये उघडायची, रूट लागत नाही. क्लँगसाठी (जीसीसीला पर्याय असलेला, एलएलव्हीएम प्रोजेक्टचा कंपायलर) शेजारीच एलएलव्हीएमचं फोल्डर आहे. फक्त फाइलच्या नावात नो-लिबसी, म्हणजे सी लायब्ररी नाही, असं लिहिलेलं असतं ते खरंच आहे, त्याने कर्नल बनतो, साधा हॅलो वर्ल्ड बनणार नाही, त्यामुळे तोच कंपायलर ॲप्लिकेशनला वापरायला जाऊ नका. आणि होस्टसीसी म्हणूनही तो चालत नाही, त्याच कारणाने.

दुसरा रस्ता कंटेनरचा, म्हणजे लॅपटॉपमध्येच वेगळी डबाबंद सिस्टीम, आणि जुन्या कर्नलसाठी मला हाच जास्त आवडतो. डॉकर किंवा पॉडमॅनमध्ये डेबियन १० ची इमेज घ्या, आत बिल्ड-इसेन्शियल, फ्लेक्स, बायसन, बीसी, लिबएसएसएल आणि लिबएल्फची डेव्ह पॅकेज टाका, सोर्सचं फोल्डर बाहेरून जोडा. कंपायलर, होस्ट कंपायलर, बिनयुटिल्स, सगळं एकाच काळातलं मिळतं, पायरी ५ चा प्रश्नच येत नाही. जुन्या डेबियनची पॅकेज अर्काइव्ह सर्व्हरवर हलवली जातात, त्यामुळे सोर्सेस लिस्टमधला पत्ता बदलावा लागू शकतो, तेवढं बघा.

पायरी ७: कॉन्फिग आणि बिल्ड, दोन्हीकडे तोच कंपायलर

कमांड अशी: मेक सीसी=जीसीसी-१२ होस्टसीसी=जीसीसी-१२ ओल्डडेफकॉन्फिग, आणि मग तीच ओळ, ओल्डडेफकॉन्फिगच्या जागी डॅश जे आणि तुमच्या प्रोसेसरच्या कोअरची संख्या. एआरएम ६४ साठी आर्च=एआरएम६४ आणि क्रॉस कंपाइलमध्ये टूलचेनचं पुढचं नाव, शेवटच्या डॅशसकट, तो डॅश विसरू नका.

दोन्ही ओळींत तेच कंपायलर का, तर ४.१८ पासून कॉन्फिग सिस्टीम स्वतः कंपायलरला विचारून ठरवते की कुठले ऑप्शन दाखवायचे. कंपायलरला एखादं फीचर येत नसेल तर तो ऑप्शन मेन्यूत दिसतच नाही. म्हणजे एका जीसीसीने कॉन्फिग केलं आणि दुसऱ्याने बिल्ड केलं तर बिल्डच्या सुरुवातीला कॉन्फिग परत चालतं आणि कधी नवे प्रश्न विचारत बसतं, कधी एखादा सिक्युरिटीचा ऑप्शन न सांगता गळून जातो. कंपायलर बदललात की मेक क्लीन करा, ओल्डडेफकॉन्फिग परत चालवा, आणि डॉट कॉन्फिग फाइलमध्ये सीसी व्हर्जन टेक्स्ट ही ओळ उघडून बघा की तुम्हाला वाटतंय तोच कंपायलर लागलाय का. हे बघायला दहा सेकंद लागतात.

डिस्कची जागा बघून ठेवा. उबंटूचं पूर्ण कॉन्फिग डीबग इन्फोसकट बिल्ड केलं तर वीस-पंचवीस जीबी सहज जाते. शिकायला म्हणून करत असाल तर डेफकॉन्फिग पुरे, किंवा आपल्याच लॅपटॉपवर चालवायचा असेल तर लोकलमॉडकॉन्फिग, तो फक्त आत्ता लोड असलेली मॉड्यूल घेतो.

फक्त मॉड्यूल बनवायचं असेल तर

पूर्ण कर्नल नाही, एखादा ड्रायव्हर चालू कर्नलवर लावायचाय, तर निवडीचा प्रश्नच नाही: कर्नल ज्या जीसीसीने बनलाय तेच मोठं व्हर्जन घ्यायचं. उबंटू २२.०४ वर याचा फटका बऱ्याच लोकांना बसला. डिफॉल्ट जीसीसी ११, पण पुढे अपडेटमधून आलेला ६.५ चा कर्नल उबंटूने जीसीसी १२ ने बनवलेला. मग मॉड्यूल बिल्ड होताना ट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट हा ऑप्शन ओळखीचा नाही अशी एरर, कारण तो फ्लॅग जीसीसी १२ मध्ये आला आणि ११ ला तो माहीतच नाही. प्रॉकमधली व्हर्जन फाइल वाचली, जीसीसी-१२ टाकलं, झालं.

पायरी ८: बिल्ड झाला, आता चालवून बघा

कर्नल एररशिवाय बिल्ड झाला याचा अर्थ कंपायलर बरोबर आहे असा होत नाही, आणि हे मनापासून सांगतोय कारण इथे होणारं नुकसान मोठं असतं.

२०१४ च्या जुलैत जीसीसी ४.९.० ने कर्नलच्या शेड्युलरमधल्या लोड बॅलन्स फंक्शनचा कोड चुकीचा बनवला होता, लिनस टोरवाल्ड्सने स्वतः असेंब्ली वाचून ते दाखवलं. एरर नाही, वॉर्निंग नाही, फक्त कर्नल कधीतरी कोसळतो. पॉइंट वन किंवा पहिला रिलीज टाळा म्हणतो ते यासाठी.

दुसरी गोष्ट तर अजून वाईट. २०२१ च्या जानेवारीत रसेल किंग, जे एआरएमच्या कर्नलचं काम फार जुन्या काळापासून बघतात, त्यांच्या एआरएम ६४ मशिनवर बराच काळ अधूनमधून एक्स्ट४ फाइलसिस्टीम चेकसम चुकल्याची तक्रार करत होती. डिस्क ठीक, मेमरी ठीक. शेवटी निघालं काय, तर जीसीसी ४.९. तो कंपायलर फंक्शन संपताना स्टॅक आधी सोडून द्यायचा आणि तिथली किंमत नंतर वाचायचा. त्या दोन सूचनांच्या मधल्या क्षणी इंटरप्ट आला तर इंटरप्ट ती जागा स्वतःसाठी वापरणार, आणि वाचलेली किंमत चुकीची. लाखो वेळा बरोबर, एखाद्या वेळी चूक. जीसीसी ५.१ मध्ये हा बग नाही, म्हणून तेव्हापासून कर्नलने एआरएम ६४ ला ५.१ च्या खालचं जीसीसी घेणंच बंद केलं. तुमच्या बोर्डासोबत एआरएम ६४ साठी जीसीसी ४.९ चा टूलचेन आला असेल तर तो वापरू नका, चिपवाल्यांनी दिलाय म्हणूनही नाही. लिनारो ७.५ वर जा.

आपल्याकडे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत हवामान नोंदवणारे बोर्ड बसतात, ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी रोगाचा अंदाज त्याच आर्द्रतेच्या आकड्यांवर काढला जातो, आणि शेतकरी त्यावर फवारणीचा खर्च ठरवतो. असा बोर्ड खांबावर चढला की महिनोन्‌महिने बंद न पडता चालला पाहिजे, आणि कधीतरीच दिसणारा बग टेबलावर दहा मिनिटांत दिसत नाही. म्हणून आधी क्यूईएमयूमध्ये (लॅपटॉपवर नकली मशीन चालवणारा प्रोग्रॅम) बूट करा, रूट फाइलसिस्टीम न दिल्यामुळे शेवटी अनेबल टू माउंट रूट म्हणून पॅनिक येईल, म्हणजे कर्नल थांबेल, ते अपेक्षित आहे, तिथपर्यंत आला म्हणजे कर्नल उठला. त्याआधीच अडकला तर कंपायलरवर संशय घ्या. उदाहरणार्थ जीसीसी १० ने बनवलेले ५.७ च्या आधीचे काही एक्स८६ कर्नल बूट होताना स्टार्ट सेकंडरीमध्ये स्टॅक करप्ट झाला म्हणून पॅनिक व्हायचे. मग खऱ्या बोर्डावर, भरपूर फाइल लिहीत-वाचत, निदान दोन-तीन दिवस सलग चालू ठेवा.

क्लँग आणि रस्ट

क्लँगने कर्नल बनवणं आता अगदी रुळलेलं आहे, गुगलने २०१७ च्या पिक्सेल २ पासून फोनचे कर्नल त्यानेच बनवलेत. मेकला एलएलव्हीएम=१ द्यायचं, ५.१८ पासून एलएलव्हीएम=-१८ असं व्हर्जनही देता येतं. नवीन कर्नल असेल तर बिनधास्त वापरा, ४.एक्सचे जुने बोर्ड कर्नल असतील तर जीसीसीच बरं. रस्ट भाषेतले ड्रायव्हर हवे असतील तर मेक रस्टअव्हेलेबल चालवा, काय कमी आहे ते तोच सांगतो. ६.११ पासून रस्ट १.७८ किंवा वरचं चालतं, त्याआधी नेमकं एकच व्हर्जन लागायचं.

स्वतःचा कर्नल लिहिताय किंवा एक्सव्ही६ (शिकण्यासाठीचा छोटा कर्नल) वर काम करताय

इथे उलटं आहे, लिनक्ससारखी जुळवाजुळव नाही, नवा स्थिर जीसीसी घ्या. पण लॅपटॉपचा तयार जीसीसी वापरू नका, तो लिनक्सवर चालणारे प्रोग्रॅम बनवण्यासाठी सेट केलेला असतो. आय६८६-एल्फ किंवा एक्स८६-६४-एल्फ टार्गेटचा क्रॉस कंपायलर स्वतः बिल्ड करा, अर्धा-एक तास जातो पण पुढची सगळी कटकट वाचते. फ्रीस्टँडिंग फ्लॅग द्या, तरीही मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट, मेमकंपेअर ही चार फंक्शन तुम्हालाच लिहावी लागतात कारण जीसीसी ती आपणहून कॉल करतो. ६४ बिटवर नो-रेड-झोन फ्लॅग विसरू नका, नाहीतर स्टॅकखालच्या १२८ बाइट्सवर इंटरप्ट पाणी फिरवतो.

एमआयटीचा जुना एक्स८६ वाला एक्सव्ही६ जीसीसी १२ पासून शेलच्या रनकमांड फंक्शनवर अडतो, इन्फिनिट रिकर्शन म्हणून. ती वॉर्निंग आहे, मेकफाइलमध्ये सगळ्या वॉर्निंगना एरर केलंय एवढंच. मेकफाइलमधून वेरर काढा किंवा तेवढी एक वॉर्निंग बंद करा, कोडला हात लावू नका.

पायरी ९: लिहून ठेवा

सोर्सच्या शेजारी एक साधी टेक्स्ट फाइल: कर्नलचं पूर्ण व्हर्जन, सीसी, होस्टसीसी आणि एलडी (लिंकर) यांचे डॅश डॅश व्हर्जनचे आउटपुट जसेच्या तसे, मेकची पूर्ण ओळ, डॉट कॉन्फिगची कॉपी, आणि टूलचेन डाउनलोड केला असेल तर त्याची टार फाइलसुद्धा, कारण चिपवाल्यांच्या साइटवरची लिंक दोन वर्षांनी असेलच असं नाही. कंटेनर वापरला असेल तर डॉकरफाइल गिटमध्ये टाका. पुढच्या वर्षी त्या बोर्डावर एखादी सिक्युरिटी दुरुस्ती चढवायची वेळ आली आणि तुम्ही तोवर पुण्याला गेलेले असलात, तर तुमच्या जागी आलेल्या पोराला वरच्या आठ पायऱ्या पहिल्यापासून कराव्या लागणार नाहीत.